रामटेके सरांचं थंड घर

चंद्रपुरात उन्हाळ्याच्या तोंडावर शहाणा माणूस नवं काम काढत नाही. लग्न अंगावर आलं तर नाइलाजाने उभं राहतो, मयतीला जायचं तर भिंतीभिंतीने सावली धरून जातो आणि बाकी सगळं मिरग लागेपर्यंत कूलरपुढे बसून पुढे ढकलतो. पण राजदीप रामटेके सर पडले भूगोलाचे प्राध्यापक. ज्युनियर कॉलेजात वारे कुठून सुटतात आणि कुठे जाऊन थांबतात हे शिकवून शिकवून त्यांची पक्की समजूत झाली होती, की निदान आपल्या घरापुरते तरी वारे आपल्याला विचारूनच वाहतील.

सुरुवात झाली आईच्या फोनने. सरांची आई बायनाबाई आरमोरीजवळच्या खेड्यात धाकट्या मुलापाशी, प्रफुलपाशी राहत. दर उन्हाळ्यात त्या थोरल्याकडे चंद्रपूरला येत. पहिल्या दिवशी "बरं हाय" म्हणत, दुसऱ्या दिवशी काहीच म्हणत नसत आणि तिसऱ्या दिवशी पिशवी भरून बसस्टँडवर जाऊन बसत. "बाबू, तुह्या घरी भट्टी पेटली हाय गा," एवढंच कारण. प्रफुल मग फोनवर हसायचा. "दादा, आई तुह्या घरी मेहमानावानी येते नं मेहमानावानी जाते." हे वाक्य सरांच्या काळजात रुतून बसलं होतं. वडील गेल्यापासून त्यांना एकच हवं होतं, आईने आपल्याजवळ राहावं. प्रफुलला रागावते तसं तिने आपल्यालाही उठताबसता रागवावं, आपल्या घरची भाजी आळणी आहे म्हणून नाक मुरडावं. पन्नाशीला टेकलेला प्राध्यापक धाकट्या भावाचा असा हेवा करतो, हे सांगणार तरी कोणाला?

यंदा बायनाबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं आणि डॉक्टरांनी तारीख दिली ती नेमकी नवतप्यातली, उन्हाळ्याच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांतली. त्या फोनवर म्हणाल्या, "येतो मी. पण घर थंडं करून ठेव. थंडं असन तं मंग मी जातच नाई, तिथीच राह्यतो. अन् भट्टीच असन तं डाक्टरनं सोडल्यादिशी वापस. मंग मले पुन्हा बोलावू नोको."

"एसी घेऊन टाका," सरांच्या पत्नी रंजीताबाई पोळी उलटता उलटता म्हणाल्या.

एवढा सरळ उपाय सरांना चालणार कसा? शिवाय अडचण होती. मागच्या बुद्धपौर्णिमेला विहारात सरांचं पर्यावरणावर भाषण झालं होतं. "एसी म्हणजे आपली गर्मी शेजाऱ्याच्या अंगणात फेकणं! हे मैत्रीभावनेत बसतं का?" असा सवाल त्यांनी हात उंचावून केला होता आणि टाळ्या घेतल्या होत्या. खिरीला आलेले शेजारी घनश्यामभाऊ शेंडे तेव्हा पहिल्याच रांगेत बसले होते. त्यांच्या एसीचं बाहेरचं मशीन सरांच्या भिंतीकडे तोंड करून होतं, त्यामुळे हा सवाल कोणाला उद्देशून होता हे अख्ख्या कॉलनीला कळलं. घनश्यामभाऊ मात्र द्रोण चाटून पुसून म्हणाले होते, "सर, खीर मस्त झाली."

तेव्हा एसी बाद. सरांनी घर हरित करायचं ठरवलं. त्यांचा सिद्धांत असा, की आईचं अख्खं आयुष्य मातीच्या घरात गेलं, म्हणून तिला सिमेंट सोसत नाही. तिच्या जिवाला माती पाहिजे. मातीच्या भिंती, हिरवं छत, बांबूची सावली केली की वीजही वाचेल आणि आईही राहील.

"आईले इचारलं का?" रंजीताबाईंनी विचारलं.

"आईला काय विचारायचं? मी तिचा मुलगा आहे," सर म्हणाले.

नागपूरहून प्रणित नावाचा सल्लागार बोलावण्यात आला. दाढी कोरलेली, पायात कोल्हापुरी, आणि हातात भिंतीचं तापमान मोजणारं एक पिस्तूल. ते त्याने घरातल्या प्रत्येक भिंतीवर रोखलं, छतावर रोखलं, एकदा चुकून रंजीताबाईंवरही रोखलं. मग डोळे मिटून तो म्हणाला, "सर, तुमचं घर श्वासच घेत नाहीये." पाण्याचा ग्लास संपवून झाल्यावर त्याने खिडक्या तपासल्या आणि म्हणाला, "सर, तुमच्या घराला फटी फार आहेत. सगळ्या बुजवा." आता ज्या घराला श्वास घ्यायचाय त्याच्या फटी बुजवायच्या कशा, हा प्रश्न चौथीतल्या पोरानेही विचारला असता. सरांनी दोन्ही सल्ले वहीत लिहून घेतले आणि खाली रेघ ओढली. प्रणितने मातीचा गिलावा, छतावर मातीचा थर आणि गवत, खिडक्यांवर बांबूचे पडदे असा आराखडा दिला आणि तो बंगळूरला परिसंवादाला निघून गेला. तिथून तो अधूनमधून फोनवर "विश्वास ठेवा प्रक्रियेवर" असं सांगायचा.

माती, शेण, भाताचं तणस आणि बांबू प्रफुलनेच पाठवायचं कबूल केलं. "आईले काय सांगू?" त्याने विचारलं. "बगीच्यासाठी म्हण," सर म्हणाले. प्रफुल फोन ठेवेपर्यंत हसत होता. माती आली, शेण आलं, तणसाचे भारे आले. बांबू मात्र वाटेतल्या एका तपासणी नाक्यावर अडकले आणि सरांना फटफटी काढून भर उन्हात तिथे जावं लागलं. नाक्यावरचे साहेब बनियनवर बसून कलिंगड खात होते.

"बांबू कुठला?"

"भावाच्या बांधावरचा. घरचं बेट आहे."

"झाड हाय का गवत?"

सरांना याच प्रश्नाची आशा होती. त्यांनी छाती काढून सांगितलं, "बांधावरचा बांबू कायद्याने झाड नाही. त्याला परवाना लागत नाही."

"माह्यं काई म्हणणं नाई," साहेब बी थुंकत म्हणाले. "लागत नाई तं लागत नाई. फक्त लागत नाई असा कागद आणा."

हा कागद ज्या ऑफिसात मिळायला हवा होता त्यांनी सांगितलं, की जे लागतच नाही त्याचा दाखला आम्ही देत नाही. दुसऱ्या ऑफिसाने सांगितलं, अर्ज करा, पण कशाचा ते तुम्हीच लिहा. सर पुन्हा नाक्यावर आले तेव्हा त्यांचा चेहरा उकडलेल्या कोनफळासारखा झाला होता. साहेबांनी त्यांना सावलीत बसवलं, पाणी दिलं आणि सहज विचारलं, "पण सर, इतके बांबू कायले पाह्यजे?"

"घर थंड करायला."

साहेबांनी आधी सरांकडे पाहिलं, मग आपल्या खोपटात धडधडणाऱ्या कूलरकडे पाहिलं. "तुमच्या घरी कूलर नाई का जी?" त्यांनी इतक्या हळव्या आवाजात विचारलं, की सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग साहेबांनी ट्रॅक्टरवाल्याला हाक मारली. "जाऊ दे रे बिचाऱ्याले." सरांचा कायदा हरला आणि दया जिंकली. घरी आल्यावर त्यांनी रंजीताबाईंना सांगितलं, की नाक्यावर कायद्याचा विजय झाला.

आता माती लिंपायची कोणी? कोरपन्याकडचे गवंडी आले, ढीग बघून तोंडाला रुमाल लावून उभे राहिले. "साहेब, आमी सिमेंटवाले माणसं. हे बायांचं काम." मग शकुबाई नावाची एक बाई मिळाली. तिने खोलीच्या गुळगुळीत, ऑइलपेंट मारलेल्या भिंतीवरून हात फिरवला. "इतकी गोड भिंत हाय, तिच्यावर शेण कायले चोपडता जी?" सरांनी तिला पर्यावरण समजावून सांगितलं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "करून देतो. पण माह्या पोरीले सांगू नोका मी शेण लावाले आली म्हणून. आमी ते सोडलं."

दुसऱ्या कोणाला यात आणखी काही ऐकू आलं असतं. सरांना फक्त एवढंच ऐकू आलं, की बाई तयार आहे. माती तुडवायला मात्र तिने साफ नकार दिला, तेव्हा सरांनी स्वतः पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि अंगणात चिखलात उतरले. भूगोलाचा प्राध्यापक शेणामातीत थयथय नाचतोय हे बघायला कॉलनीने गेटाशी गर्दी केली. बाया लेकरं कडेवर घेऊन आल्या. बारावीतल्या एका पोट्ट्याने मोबाइलवर सगळं टिपलं आणि संध्याकाळपर्यंत ते कॉलेजच्या स्टाफरूममध्ये पोचलंही. घनश्यामभाऊ भिंतीवर कोपर टेकून उभे होते. ते सिमेंटच्या कंपनीत नोकरीला, पण लहानपण तळ्याकाठच्या गावात मासे धरण्यात गेलेलं, त्यामुळे जगातल्या कुठल्याही गोष्टीवर त्यांचा सल्ला तळ्यातून यायचा.

"सर, चिखल असाच तुडवत राह्यले तं वाघूर मासा निघन एखादा."

"घनश्यामभाऊ, ही थर्मल मास आहे," सर धापा टाकत म्हणाले.

"असन. पण मासा तं मासाच."

आईच्या खोलीच्या चारही भिंती लिंपून झाल्या. सरांनी लांबून बघितलं, जवळून बघितलं आणि पलंग स्वतः सरकवून जागेवर लावला. हे आईचं घर. ती इथे डोळे उघडेल आणि म्हणेल, बाबू, तू माह्यं घर आणलं गा इथी. हे वाक्य त्यांनी मनात इतक्यांदा ऐकलं, की ते तिने आधीच म्हटलंय असं त्यांना वाटू लागलं.

छतावर गवत आणि पालक पेरला. पालक वर आल्याबरोबर वानरांची एक अख्खी टोळी खाली उतरली. त्यांनी पालक खाल्ला, गवत उपटलं, कुंपणाचे बांबू मोडले आणि थंडगार ओल्या मातीत पाय पसरून दुपारभर झोपा काढल्या. एवढ्या खटपटीतून घराचं जे थंड झालं ते छत, आणि त्याचा पहिला लाभ वानरांना मिळाला. रंजीताबाई म्हणाल्या, "चला, कोणाच्या तरी आईले आवडलं."

राहिल्या खिडक्या. प्रणित फोन उचलत नव्हता, म्हणून सरांनी इंटरनेटवर एका गोऱ्या गृहस्थाचे व्हिडिओ बघितले. तो ज्या देशात राहत होता तिथे खिडकीबाहेर कंबरेइतका बर्फ होता. घरातून हवेचा एक कणही बाहेर जाता कामा नये, असं तो पोटतिडकीने सांगत होता आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. सरांनी चंद्रपुरात बसून ते तंतोतंत पाळलं. खिडक्यांना रबर, दारांना रबर, रोशनदानात थर्माकोल. शेवटची फट बुजवून झाल्यावर त्यांनी उदबत्ती पेटवून फिरवली. धूर सरळ वर गेला, जरासुद्धा हलला नाही. सरांनी टाळी वाजवली.

आणि मग त्या हवाबंद घरात त्यांनी कूलर सुरू केला.

विदर्भात जन्मलेल्या कुठल्याही जिवाला हे सांगावं लागत नाही, की कूलर लावला की समोरची खिडकी उघडायची. ओली हवा आत आली की तिला बाहेर जायला वाट लागते. ही गोष्ट कोणी शिकवत नाही आणि म्हणूनच बहुधा सर ती विसरले. त्यांनी भूगोल शिकवला होता. वाळ्याच्या ताट्यांतून बादल्या-बादल्या पाणी आत येऊ लागलं आणि आतच राहू लागलं. दोनच दिवसांत पापड चामड्यासारखे झाले, मिठाचा गोळा झाला, गादी पिळली तर पाणी निघेल अशी झाली. दारं फुगली. बाथरूमचं दार बंद झालं ते उघडेना, आणि आत होते खुद्द सर. घनश्यामभाऊंनी खांद्याने धक्का देऊन त्यांना बाहेर काढलं. दोघेही घामाने निथळत होते.

"सर," घनश्यामभाऊ मोठ्या काळजीने म्हणाले, "आमच्या गावी माशाले असंच वाफवतात. फक्त हळद लावतात."

"ही सुरुवातीची आर्द्रता आहे," सर ओरडले आणि मग त्यांची प्रमाण भाषा सुटली. "तुमाले काऊन कळत नाई जी!"

याच वाफेत आईच्या खोलीत एक नवल घडलं. मातीत मिसळलेलं तणस आरमोरीकडचं. त्याला कुठे कुठे धानाच्या लोंब्या चिकटून राहिल्या होत्या. त्यांना ओल मिळाली, ऊब मिळाली आणि भिंतीतून हिरवे कोंब बाहेर आले. आधी एक, मग दहा, मग पलंगामागची अख्खी भिंत हिरवीगार. रंजीताबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. नेमका त्याच दिवशी प्रणितने फोन उचलला. "कोंब? भिंतीतून? सर, याला जिवंत भिंत म्हणतात! इथे लोक वेगळे पैसे देऊन करून घेतात. हात लावू नका!" सरांनी हात लावला नाही. उलट सकाळ-संध्याकाळ फवारणी सुरू केली.

प्रफुलने आईला थेट दवाखान्यात आणून सोडलं आणि ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर पट्टी आणि दुसऱ्याने नुसता उजेड-अंधार दिसणाऱ्या बायनाबाईंना सरांनी गाडीतून घरी आणलं; औषधाच्या गुंगीत त्या वाटभर डुलक्या काढत होत्या. वाटेत एकदोनदा सरांच्या आतून इतका आनंद उसळला, की सिग्नल लाल आहे हेसुद्धा दिसलं नाही. हात धरून त्यांनी आईला खोलीत नेलं. उंबऱ्यातच बायनाबाई थांबल्या. त्यांनी हवा हुंगली. पुढे होऊन भिंतीला हात लावला, बोटं फिरवली.

"काय आई? ओळख बरं कुठे आलीस?" सर लहान पोरासारखे म्हणाले.

बायनाबाईंचा चेहरा पडला. "गावी आणलं काय गा मले? प्रफुलच्या घरी? डाक्टर तं म्हणे चंद्रपूरलेच राहा लागते." मग हळू आवाजात त्या म्हणाल्या, "तुह्या घरी नाई ठेवत तं तसं सांगाचं होतं, बाबू. असं फसवून कायले आणलं?"

"आई, हे माझंच घर आहे!"

"खोटं नोको बोलू. मले दिसत नाई, वास येते." रंजीताबाईंनी शपथ घेऊन सांगितलं तेव्हा कुठे त्या पलंगावर टेकल्या. सरांना वाटलं, उद्या पट्टी सुटली की सगळं ठीक होईल. नजर आली की प्रेम येईल. त्या रात्री बायनाबाई वाफेत पदराने वारा घेत पडून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी नर्स घरी आली. पट्टी सुटणार म्हणून घनश्यामभाऊ आणि त्यांच्या पत्नी कुंताबाईही आले. सर मोबाइल घेऊन व्हिडिओ काढायला सज्ज. नर्सने पट्टी काढली, डोळा पुसला. बायनाबाईंनी पापण्या उघडझाप केल्या. कित्येक वर्षांनी त्यांना जग स्वच्छ दिसत होतं आणि त्यातली पहिली गोष्ट होती पलंगामागची भिंत.

त्यांनी मान पुढे करून ती बघितली. मग उठल्या, भिंतीजवळ गेल्या, एक कोंब चिमटीत धरला आणि उपटला. खाली मुळं लोंबत होती, रोवणीला काढलेल्या भाताच्या रोपासारखी.

"हा धानाचा पऱ्हा होय," त्या म्हणाल्या.

"हो आई! जिवंत भिंत!" सरांचा मोबाइल अजून चालूच होता.

"पऱ्हा होय हा," बायनाबाई पुन्हा म्हणाल्या आणि त्यांचा आवाज चढला. "रोवणा कराले बोलावलं का रे मले? जिंदगीभर कंबर मोडून लोकाइच्या बांधीत रोवणा केला मी. पावसात, चिखलात. तू पाठीवर बांधलेला राह्यचा. म्हणलं, माह्या पोट्ट्याच्या पायाले चिखल नाई लागला पाह्यजे. शेणानं सारवू सारवू हाताचे साल गेले. म्हणलं, त्याच्या बायकोले सारवा नाई लागला पाह्यजे. तू स्लॅबचं घर बांधलं, मी गावभर साखर वाटली. अन् नवीन डोळ्यानं पयलं काय पाह्यलं मी? शेण! अन् पऱ्हा!"

"आई, हे पर्यावरण आहे... तुला मातीची सवय..."

"सवय?" बायनाबाई गरजल्या. "सवय नोहे ती, बाबू. दुसरं काई नव्हतं म्हणून होतं ते! दर साल येतो, म्हणतो, माह्या लेकानं एसी लावला असन. कुंता लावते, त्या डोंगरेची सून लावते. माह्या प्रोफेसरनं काऊन नाई लावला? मी भीक मागत होती काय? नाई. तिसऱ्या दिवशी गुमान जात होती."

सरांनी मोबाइल खाली केला. इतके महिने ज्या वाक्याची त्यांनी वाट बघितली होती ते वाक्य आलं नाही आणि जे आलं ते खरं होतं.

"या बाई, आमच्याकडं चला," कुंताबाई म्हणाल्या. बायनाबाईंनी औषधाची पिशवी उचलली, फुगलेलं दार दोन धक्क्यांत उघडलं आणि शेजारी जाऊन एसीखाली बसल्या.

यापुढचे दिवस म्हणजे सरांच्या अब्रूचा पंचनामाच. आई शेजाऱ्याकडे आणि मुलगा शेजारी, हे दृश्य बघायला कॉलनीतल्या बाया भाजी निवडायचं निमित्त काढून घनश्यामभाऊंकडे जमू लागल्या. बायनाबाई प्रत्येकीला सगळी हकिकत पहिल्यापासून सांगत. डोळ्यात औषध घालायला सरांना दिवसातून चारदा तिथे जावं लागे. दार उघडलं की ती गार हवा अंगावर यायची आणि सरांचं शरीर त्यांच्या तत्त्वांना न विचारता सुखावायचं. एकदा औषध घालून झाल्यावरही ते तसेच बसून राहिले. घनश्यामभाऊ म्हणाले, "बसा बसा सर. तुमच्याच भिंतीकडं जाते इथली गर्मी, थोडी थंडीही घेऊन जा." सर तडक उठले.

डॉक्टरांनी पुन्हा तपासायची तारीख दिली होती आणि त्याच दिवशी प्रफुल गाडी घेऊन आईला न्यायला येणार होता. "दादा, मेहमान तर मेहमान, यंदा शेजारच्या घरी?" एवढंच तो फोनवर बोलला. सर रात्रभर वाफेत जागे पडून राहिले. आई गेली तर ही शेवटची, हे त्यांना कळत होतं. ती दुसऱ्यांदा फसायची नाही.

सकाळी उठून त्यांनी घमेलं आणि खुरपी घेतली. शकुबाईला बोलवायची लाज वाटली, म्हणून ज्या हातांनी माती घातली त्याच हातांनी काढायला बसले. कोंब उपटले, गिलावा खरवडला, भिंत धुतली. खालचा ऑइलपेंट पुन्हा दिसू लागला, ठिकठिकाणी सोललेला. मग रंजीताबाईंना सोबत घेऊन त्यांनी एसी आणला. दुकानदाराने तो छोटा हत्ती टेम्पोतून पाठवला आणि गल्ली अरुंद म्हणून ड्रायव्हरने कॉलनीच्या तोंडाशीच उतरवला. तिथून घरापर्यंत हमालाबरोबर खोक्याचं एक टोक धरून सर भर दुपारी चालत आले. प्रत्येक गॅलरीत कोणी ना कोणी उभं होतं. विहाराच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्याने "सर, काय होय ते?" असं विचारलं. सर म्हणाले, "एसी होय." त्यांनी ते खाली न बघता म्हटलं, एवढं त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

मेकॅनिक आला आणि खोली बघून चकित झाला. "सर, अशी पॅक खोली मी चंद्रपुरात पाह्यली नाई! एक फट नाई. वरती मातीचा थर, उन्हं येतच नाई. लोकं महागामहागाचे एसी लावते नं दाराखालून सगळी हवा सोडते. तुमचा तं नुसता चालू केला का बंद कराले होते." त्याने मशीन लावलं, आणि खरोखरच, पाणी उकळायला लागतं तेवढ्या वेळात खोली थंडगार झाली. वीज वाचवण्यासाठी सरांनी जे जे केलं ते सगळं कामाला आलं, फक्त ज्या यंत्राच्या विरुद्ध केलं त्याच्या कामाला. प्रणितला हे कळताच त्याने फोटो मागवले आणि "मध्य भारतातलं एक यशस्वी हरित घर" म्हणून कुठेतरी छापून टाकले. बाहेरचं मशीन घनश्यामभाऊंच्या भिंतीकडे तोंड करून बसलं. ते बघून गेले, नुसते दाढी खाजवत हसले. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तारखेच्या दिवशी डॉक्टर "डोळा उत्तम" म्हणाले. प्रफुल गाडी घेऊन आला आणि बायनाबाई पिशवी घेऊन कुंताबाईंच्या घरातून बाहेर पडल्या. सर आपल्या फाटकात उभे होते. सकाळपासून छतावरची माती काढत असल्याने त्यांची पँट अजून गुडघ्यावर होती. मेकॅनिकने छत राहू द्या म्हटलं होतं, पण वानरांनी पाण्याची टाकी फोडली होती.

"आई, एकदा आत ये," सर म्हणाले. "मग जा. मी अडवत नाई."

बायनाबाई आत गेल्या. पलंगामागची भिंत त्यांनी नव्या डोळ्यांनी वरपासून खालपर्यंत बघितली. तळहात टेकवला, बोटं नाकाशी नेली. वास नव्हता. मग मान वर करून एसीकडे पाहिलं. हवा त्यांच्या पांढऱ्या केसांवरून गेली तसे त्यांनी डोळे मिटले आणि पलंगावर मांडी घालून बसल्या. मागोमाग प्रफुल आला, रंजीताबाई आल्या, कुंताबाई आल्या.

"आई, निघू ना?" प्रफुलने विचारलं. "उन्हं वाढून राह्यले."

"तू जाय," बायनाबाई म्हणाल्या. "दोन लुगडे नं तुमच्या बाचा फोटो पाठवून दे. बाबासायबाचा इथी हाय." रंजीताबाईंकडे वळून त्या म्हणाल्या, "अन् सूनबाई, काल कुंताकडं तू पाठवलेली भाजी आळणी होती. आजपासून मी पाह्यतो."

प्रफुलचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, पण ते बघायचं भान सरांना नव्हतं. ते दारातच उभे होते, डोळे भरून आले होते आणि घाम पुसायच्या निमित्ताने ते बाहीने पुसत होते.

"उभा काऊन हाय? दार लाव, थंडी जाऊन राह्यली," बायनाबाई खेकसल्या. सर घाईघाईने आत यायला निघाले, तशी आईची नजर सरांच्या पोटऱ्यांपर्यंत बरबटलेल्या पायांवर गेली.

"थांब! तसाच नोको येऊ," त्या म्हणाल्या. "पयले पाय धुऊन ये, बाबू. चिखल लागला हाय."

सर अंगणातल्या नळावर गेले आणि पाय धुतले. नीट निघाला नाही असं वाटून पुन्हा धुतले, आणि मग आत गेले.